अक्काच्या घागरीतला कोळसा

अप्पा, मी कोण ते आठवतं का? का जेवणाचा डबा ऑफिसात विसरून यायचात, तसं मलाही विसरलात? तपासायच्या पाण्याची बाटली मात्र कधी एकही विसरला नाहीत. मला अक्षरं येत नाहीत, नात लिहिते आहे. मधेच हसते, तेव्हा एखादी ओळ वाकडी गेली तर दोष तिचा.

अक्काला दिली ते गाव आठवा. विहिरीचं पाणी चवीला गोड, पण त्यात फ्लोराइड. पोरांचे दात तपकिरी, म्हाताऱ्यांना मान वळवता येईना. अक्काच्या बाळाचे दुधाचे दात होते, पक्के यायच्या आत पाणी सुधारायला हवं म्हणून तुमचा जीव वरखाली. तुम्ही पाणी तपासायच्या ऑफिसात शिपाई, पण साहेबांचं बघून बघून फ्लोराइड शोषून घेणारा हाडांचा कोळसा भरलेली घागर घेऊन गेलात. विहीणबाईंनी विचारलं, "कसला हो हा कोळसा?" खोटं बोलायची अक्कल तुम्हांला कुठली! "हाडांचा," म्हणालात. घागर तुमच्याआधी अंगणात पोचली.

मग मैलापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही हाडांऐवजी भाताचं तूस जाळताय, त्याचा कोळसा तुरटीच्या पाण्यात भिजवताय, वाळवून डब्यात भरताय. आई नाही, चूल माझ्याकडे, मी दहा वर्षांची. आठवड्यानं बघता तर डबा रिकामा. "मांजरानं सांडला," मी म्हणाले. मांजराला चार शिव्या देऊन तुम्ही पुन्हा तूस आणायला गेलात.

नव्या कोळशानं घागर भरलीत, आणि दुसऱ्या खेपेला मीही बरोबर. विहीणबाई दारातच उभ्या. "आता कुणाची हाडं?" तुम्ही ऑफिसातली भाषा सुरू केलीत, त्यांच्या भुवया चढत चालल्या. मी मधेच म्हटलं, "उमिक्करी हो आजी, तुसाची! सकाळी दात घासतो ती." त्या हसल्या. "मग तसं सांगायला या माणसाला तोंड नाही?" आणि घागर थेट चुलीजवळ गेली. परतताना बसमध्ये तुम्ही माझ्याकडे नुसते बघत होतात.

तेव्हा बोलले नाही, आता सांगते. मांजर बिचारं निर्दोष. तो डबा मी आणि शेजारणींनी दात घासून संपवला. तोंड तुरट व्हायचं, तरी आम्हांला वाटायचं, अप्पांची उमिक्करी भारीच असणार!

बाळ आता आजोबा झालाय. पांढऱ्या दातांनी माझ्यासमोर चकलीसारखा कडक मुरुक्कू कडाकडा फोडतो, मला खिजवायला. माझे दात कधीच गेले. हे पत्र कुठे टाकायचं ते नातीला ठाऊक नाही, मलाही नाही. तिकडून काही पाठवणार असाल तर मुरुक्कू त्याला पाठवा, मला दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर, मऊसं. आणि डबा विसरू नका.