घोट्यावरची जखम

बडोदे, मंगळवार, १२ जानेवारी १९९९

सांधे सुजतात ते एक, पण घोट्यावर ही जखम कशापायी? डॉक्टरी शिकणारी माझी नात मुक्ता सांगते, शरीराचे राखणदारच उलटलेत; आधी सांध्यांवर उठले, आता रक्तवाहिन्यांवर. त्या सुजल्या, मग कातडीला रक्त पोचेना. म्हणजे सोसायटीचा कुत्रा घरच्यांनाच चावतोय! आणि मी शेजारच्या कोकिळाबेनचा प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा पितेय.

"आजी, गोळ्या त्या कुत्र्याला गप्प करायला, आणि तू त्याला खाऊ घालतेस?" मुक्ता हसली.

काढा मोरीत ओतला. पण जखम... पाऊल कापावं लागेल का, विचारलं एकदाचं. पट्टी सोडून तिनं नीट पाहिलं.

"नाही गं. कडा भरायला लागल्यात."

नवी पट्टी बांधली ती कळलीसुद्धा नाही. पोरगी डॉक्टर होणार, हे आज माझ्या पायानंही मानलं.