वहीतली साताऱ्याची पानं

९ डिसेंबर १९९८
शाळा सुटल्यावर गोदौलियाच्या सायबर कॅफेत. चॅटवर शिरीष होता. पुण्याचा, आता न्यू जर्सीत. फोटो अजून पाहिलेला नाही, पण माणूस आपणहून चौकशी करतो. आज वडिलांचं, नानांचं, सांगून टाकलं. संकल्प सांगताना अडकतात, गेल्या महिन्यात यजमानाचं गोत्रच चुकले. आमच्या दूधविनायक गल्लीत हे कुणाशी बोलणार? भिक्षुकी बसेल. इतक्या लांबच्या माणसाला सांगून बरं वाटलं.

१७ डिसेंबर
शि. म्हणतो, पूर्वज साताऱ्याकडचे, काशीला येऊन गेलेले. "तुमच्या यजमानांच्या वहीत आमचं नाव असेल. साताऱ्याची पानं टाइप करून पाठव ना, पत्त्यांसकट." नाना वहीला कुणाला हात लावू देत नाहीत. ते अहिल्याबाई घाटावर गेल्यावर काढली.

२२ डिसेंबर
सगळी पानं गेली. त्याचं घराणं त्यात नाही. "मग नागपूरची पाठव." लग्नाचंही बोलला. घरी हसत आले. नाना म्हणाले, "काय ग, शाळेत तनखा वाढली?"

३० डिसेंबर
शि.ने रोमन अक्षरांत लिहिलं, "इथे पण फार जाडा पडलाय."
हसले, आणि मग हात थांबले. लहानपणी पुण्याला मी हेच म्हटलं, तर आत्या म्हणाली, "कोण जाडा पडला? उचला त्याला." तेव्हापासून बाहेरच्यांना मी थंडीच म्हणते. शि.लाही प्रत्येक वेळी थंडीच लिहिलंय. जाडा पडतो तो फक्त आम्हा काशीतल्या मराठी घरांत.
विचारलं, पुण्यात शाळेला कुठल्या रस्त्याने जायचास? उत्तर: "नागपूरची पानं कधी?"
कॅफेवाला, "बहनजी, टाइम हो गया."

६ जानेवारी १९९९
मुन्शी घाटावर आमचे यजमान, साताऱ्याचे कदम दिसले. नानांकडे कळवलंच नव्हतं. मला बघून ओशाळले.
"पत्र आलं होतं. नानांना आता आठवत नाही म्हणे. स्टेशनवर हे गुरुजी न्यायला आले."
'हे' पुढे चालत होते. तोंडाभोवती मफलर. वळले नाहीत. मी मागे गेले असते तर कोण ते कळलं असतं. पण मग पत्ते कुणी दिले, तेही निघालं असतं. तिथूनच परत फिरले. माझी मलाच किळस आली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ द्यायला गल्लीतल्या सगळ्या आल्या. दर एकीच्या तोंडी जाडा. कुणाच्या घरातला असेल शि.? सगळ्यांशी गोड बोलले.
दुपारी नानांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "साताऱ्याचे कोणी आले नाहीत यंदा. वाच नावं."
वाचली. प्रत्येक नावाला नाना गोत्र सांगत गेले, आजोबाचं नाव, कोण कधी आलं ते. एकदाही चुकले नाहीत.
"चिठ्ठी टाक सगळ्यांना. लिही, जाडा कमी झाला की या."
कार्डं समोर आहेत. अजून एकही लिहिलेलं नाही.