कान बरा झाला तर घर ऐकू येईल

प्रिय कौसा,

उद्या सकाळच्या एसटीने आपली सुमन मला बीडला नेणार. परवा उजव्या कानाचं ऑपरेशन. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि मी अजून जावं की पळून जावं हेच ठरवतो आहे. कुणाला सांगू? म्हणून तुला लिहायला बसलो. सहावीपर्यंतचं शिक्षण, चुका पोटात घाल.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं, पण कान तसाच वाहतो. लसणाचं कोमट तेल तूच घालायचीस ना? "घाण भाईर पडायली तर पडू द्या, आत राहिली तर वाईट," म्हणायचीस. डॉक्टर म्हणाला, तेलानं उलट वाढलं. तुझा राग नाही गं. पण थोडा येऊ दे की!

हल्ली चक्कर येते. मागच्या महिन्यात हौदापाशी पडलो, तेव्हा सुमन आष्टीचं सासर टाकून धावत आली. रोग कानामागचं हाड कुरतडतो आहे म्हणे. तोंड वाकडं होईल, मेंदूपर्यंत जाईल. आधी रोग काढणार, मग जमलं तर नवा पडदा बसवणार. ऐकू येईल का? "प्रयत्न करू," एवढंच म्हणाला. प्रयत्न म्हणजे काय, कौसा?

त्याने एक लोखंडी चिमटा वाजवून कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि काय सांगू, गुंऽऽ! डॉक्टर माझ्या डाव्या कानात ओरडला, "बाबा, आतली नस जिवंत आहे. दार तेवढं मोडलंय."

मला आपलं वर्कशॉप आठवलं. पाण्याचं इंजिन बिघडलं की मी पान्ह्याचं एक टोक इंजिनाला लावायचो, दुसरं कानामागच्या हाडाला. कुठलं बेअरिंग गेलं ते बरोबर कळायचं. तू चहा घेऊन यायचीस आणि गिऱ्हाइकासमोर माझ्या डाव्या कानात ओरडायचीस, "इंजिनाची कुरकुर बरी ऐकू येती, बायकोचीच येत न्हाई! लई सोंगाड्या माणूस हाय." सोंग नव्हतं गं! आता पुरावा मिळाला, तर दाखवायला तू कुठे आहेस?

सुमनला वाटतं मी सुरीला भितो. भितोच. पण खरी भीती वेगळी आहे.

डाव्या कानात ओरडल्याशिवाय मला काहीच कळत नाही. आपलं घर माझ्यासाठी पहिल्यापासून मुकंच. तुझी भांडी, तुझ्या बांगड्या, तुझी हाक, काही आत यायचंच नाही. म्हणून तू गेलीस तरी घराच्या आवाजात मला फरक पडला नाही. ओसरीवर आत पाठ करून बसतो आणि वाटतं, कौसा आत असेल, हाका मारून दमली असेल, मलाच ऐकू येत नाही. एवढ्यावर मी वर्ष काढलं! कान उघडला तर? मग कळेलच ना, की आतून कुणी हाक मारत नाही. ते कसं सोसू? सांग ना!

काल संध्याकाळी तसाच बसलो होतो. सहज वळलो, तर सुमन चुलीपाशी तुझं लुगडं तोंडाला लावून रडत होती. खांदे गदगद हलत होते. माझ्यापासून चार हातांवर! किती वेळ, कोण जाणे.

"सुमे, मला हाक कावून मारली न्हाईस?"

तिने नाक पुसलं, माझ्याजवळ आली आणि डाव्या कानात ओरडली, "मारली की आण्णा! तीनदा मारली!"

मग मला जेवण गेलं नाही.

धीर आला असं खोटं लिहिणार नाही. पण तुला शब्द देतो. मी त्या टेबलावर झोपेन. कान उघडला तर घरी येऊन ओसरीवर बसेन, तू नाहीस हे एकदा नीट ऐकून घेईन, रडायचं तेवढं रडेन. आणि सुमनने हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ देईन. नाहीच उघडला, तर यापुढे तिच्याकडे तोंड करून बसेन.

तुझाच,
दगडू