चार दिवस न संपलेलं जेवण

प्रिय ताई,

आधी शालोम, मग वाकून नमस्कार, आणि मग तुझ्या गुडघ्यांची चौकशी, या क्रमाने. भाऊजींचा खोकला ठणठणीत असेलच. मी मजेत आहे. (हे वाक्य मागच्या तीनही पत्रांत होतं. या वेळी गाळलं तर तुला वाटेल, काहीतरी झालं.) वल्हांडणाला आमच्याकडे ये, नाहीतर मीच येते, असं तू दोनदा कळवलंस आणि दोन्ही वेळा मी नको म्हणालो. चाळीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त करणाऱ्याला एक जेवण मांडता येणार नाही का, असं काहीसं तोऱ्यात लिहिलं होतं. ते पत्र ठेवलं असशील तर फाडून टाक.

ही गेल्यानंतरचा हा पहिलाच वल्हांडण, आपल्या लोकांच्या मिसरातून सुटकेचा सण. तुला माहीतच आहे, सण जवळ आला की हिचा घरात कारखाना सुरू व्हायचा. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, बेडकांची पीडा आली होती, तिची आठवण म्हणून ही दर वर्षी हिरव्या कागदाचे बेडूक करून टेबलभर बसवायची, आणि स्वतः रचलेलं बेडकांचं गाणं म्हणायची. (चाल दर वर्षी वेगळी. चूक दाखवली तर म्हणायची, बेडूक तरी कुठे सुरात ओरडतात.) या वर्षी चिमणी परदेशातून फोनवर म्हणाली, बाबा, बेडूक तरी करा. लेकीचा शब्द मोडवेना. सात केले. सातही कुलपांसारखे दिसतात, आणि एकाला तर मी सवयीने किल्लीचं भोक पाडलं. मग सफरचंद, आक्रोड आणि दालचिनीचा लगदा केला. आपल्या लोकांनी गुलामीत विटांसाठी जो चिखल तुडवला, त्याच्या आठवणीचा हा गोड पदार्थ. ही करायची तेव्हा बोटं चाटत राहावंसं वाटायचं. माझा मात्र खरोखरच भिंत लिंपायच्या लायकीचा झाला. टेबलाच्या पायाखाली थोडा पडला होता, तर टेबल डुगडुगायचं थांबलं.

संध्याकाळी दोन ताटं मांडली. एकच मांडायचं होतं, पण हात आपले जुन्याच हिशोबाने चालतात. सेदेरला, म्हणजे सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, घरातल्या सगळ्यात लहानाने प्रश्न विचारायचे आणि मोठ्याने उत्तरं द्यायची. मी सहासष्ट वर्षांचा. घरात सगळ्यात लहान मीच आणि सगळ्यात मोठाही मीच. एकटा असेल त्याने स्वतःलाच विचारावं असा नियम आहे, तेव्हा घसा साफ करून मी विचारलं, आजची रात्र वेगळी का म्हणून. मग उत्तरही मीच वाचून दाखवलं, जरा मोठ्याने.

पुढे एलियाहू संदेष्ट्यासाठी दार उघडायची वेळ आली. उघडलं, तर दारात वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. हातात त्यांच्या ट्रंकेची मोडकी किल्ली. त्या बेल वाजवणारच होत्या, इतक्यात दार आपणहून उघडलं, म्हणून त्याही दचकल्या. पाहुण्याला परत पाठवायचं नाही, त्यातून सेदेरच्या रात्री तर मुळीच नाही, म्हणून त्यांना दुसऱ्या ताटावर बसवलं. (संदेष्ट्यासाठी भरून ठेवलेला पेला त्यांनी पाणी समजून उचलला होता, तो मी वेळीच काढून घेतला.) गुलामीच्या आठवणीचा कडू मुळा खाताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाई म्हणाल्या, "दादा, रडून घ्या. बरं वाटेल." मी म्हणालो, "अहो, मुळा तिखट आहे." त्यांनी माझ्याच ताटातला मुळा खाऊन पाहिला. मग म्हणाल्या, "इतका काही तिखट नाही." शाळेत पोरांचं काय होत असेल, देव जाणे.

आता मुख्य अडचण. मात्झाचा, म्हणजे बेखमीर भाकरीचा, अर्धा तुकडा लपवतात आणि पोरं शोधून काढतात. तो खाल्ल्याशिवाय जेवण संपत नाही, आणि जेवण संपल्याशिवाय शेवटची गाणी म्हणता येत नाहीत. (तुला असं सांगतोय जणू तुला ठाऊकच नाही. बाईंना समजावता समजावता मला तीच खोड लागली.) आपल्याकडे हे लपवायचं काम हिचं. या वर्षी लपवणारा मीच, शोधणाराही मीच, आणि तो तुकडा सापडेना. बाईंनी तर परीक्षेत कॉपी शोधावी तसं घर पालथं घातलं. गाद्या उचलल्या, भांडी काढली, माझ्या हत्यारांच्या पेटीतून तीन वर्षांपूर्वी हरवलेला माझा चष्मा काढून दिला. शिलाई मशीनवर मी ताटांचा ढीग ठेवला होता, तेवढी एक जागा राहिली. शेवटी हात टेकून त्या घरी गेल्या. त्यांच्या ट्रंकेचं कुलूप मी दुसऱ्या दिवशी उघडून दिलं. चार मिनिटं लागली.

तर ताई, आज सणाचा चौथा दिवस, आणि माझं जेवण अजून चालूच आहे. शास्त्राप्रमाणे ते पहिल्याच रात्री संपायला हवं होतं. टेबल तसंच आहे, दुसरं ताट तसंच आहे, बेडूक माना टाकून बसलेत. आवरावं म्हणतो, पण तुकडा न खाता आवरणं बरं नव्हे. एवढंच. बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस, आणि धावत तर मुळीच येऊ नकोस.

तुझा धाकटा,
कुलूपवाला

ता. क. भाऊजींच्या कपाटाची नवी किल्ली सोबत आहे. आधी थोडं तेल घालायला सांग. जोर लावायला सांगू नकोस, ते लावतात.

ता. क. दुसरा. तुकडा हरवलेला नाही. ही एकतीस वर्षं तो एकाच जागी लपवायची, शिलाई मशीनच्या डाव्या खणात. चिमणीला पाचव्या वर्षीच कळलं होतं. मीच तिला सांगितलं, आधी पलंगाखाली शोध, मग माळ्यावर, आईला जरा जिंकू दे. दर वर्षी आम्ही दोघं अर्धा तास घरभर धावायचो आणि ही तोंडावर पदर धरून हसायची. या वर्षीही मी तो तिथेच ठेवला, पण खण न उघडता, वरच्या फटीतून आत सरकवला. आत हिचा चष्मा आहे. मात्झावर घालायच्या नव्या रुमालावर ही भरतकाम करत होती, तोही आहे, अर्धा झालेला. सुई त्यातच टोचलेली असणार.

ता. क. तिसरा. खणाला कुलूप नाही. असतं तर मी केव्हाच उघडला असता. सणाचे अजून चार दिवस आहेत, ताई. तू ये.