वरची खाच, खालची खाच

२ जून

प्रिय ल्युबेन,

आज सकाळी वल्चेव्हसाहेबांनी खुर्चीवर चढून नियंत्रण कक्षाच्या भिंतीत स्वतःच्या हातानं खिळा ठोकला आणि त्यावर एक चौकट लटकवली. ‘यशस्वी आधुनिकीकरणाबद्दल’ आपल्या उष्णता कंपनीला मिळालेलं प्रशस्तिपत्र! मग सगळ्यांना चीज भरलेली गरम बानित्सा वाटली. मी घेतली नाही. “का हो झोर्नित्साबाई, रुसलात की काय आमच्यावर?” असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा पोट बिघडलंय असं सांगून मी सुटका करून घेतली. चौकट लागली ती नेमकी तुझ्या रिकाम्या टेबलावर. खिळ्याची माती तुझ्या टेबलावर पडली, तीही कुणी पुसली नाही. मी पुसली, रागारागानं.

तुला राग येत नाही. गेल्या आठवड्यात रूसेहून फोनवर तू बहिणीच्या बागेतल्या टोमॅटोच्या रोपांबद्दल अर्धा तास बोललास, आणि मी बडतर्फीचा विषय काढला तर म्हणालास, “जाऊ दे गं.” काय जाऊ दे? बावीस वर्षांच्या नोकरीनंतर तुझ्या कामाच्या पुस्तिकेत ‘गंभीर हलगर्जीपणामुळे बडतर्फ’ असा शिक्का मारलाय. एक्कावन्नाव्या वर्षी तो शिक्का घेऊन तू कुणाच्या दारात उभा राहणार आहेस? न्यायालयात जायची दोन महिन्यांची मुदत पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपते, आणि तू टोमॅटोला काठ्या लावत बसलायस.

म्हणून मी सगळं क्रमानं लिहितेय. तुला ते ठाऊक आहे, तरी वाच. क्रमानं का लिहितेय ते शेवटी कळेल.

शहरातली घरं तापवणाऱ्या तीस उष्णता केंद्रांच्या झडपा उघडणारी-मिटणारी आपली ती जुनी प्रणाली, जिला आपण सगळे म्हातारी म्हणतो. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली. नऊ वर्षांपूर्वी तिचा संगणक जळाला, तेव्हा हेच वल्चेव्हसाहेब डोक्याला हात लावून बसले होते, आणि तूच तिला उचलून मोठ्या सर्व्हरच्या पोटात, एका व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलंस. संगणकाच्या आत संगणक. तिच्या परवान्याचं ते एकुलतं एक डोंगल, पेनड्राइव्हसारखी ती किल्ली, सर्व्हरच्या मागच्या दोन खाचांपैकी खालच्या खाचेत खोचलेलं असायचं. “ही म्हातारीची कवळी. ही नसेल तर ती तोंड उघडणार नाही,” असं तू मला शिकवलं होतंस. उठतानाच काय ती कवळी चाचपायची, एकदा बोलायला लागली की विचारायची नाही, हेही तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी हसले होते.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी सर्व्हरचं सॉफ्टवेअर नवं करायला सोफियाहून सामुइल आला. आठवतं ना, तो चकचकीत बुटांचा तज्ज्ञ? सकाळी दहाला सर्व्हर बंद झाला, साडेअकराला चालू झाला. आतली बारा मशीनं उठली. तेरावी, म्हातारी, उठेना. पडद्यावर लाल ओळ आली. मी ती त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवली आहे: ‘नेमून दिलेल्या जागी उपकरण सापडलं नाही, मशीन सुरू करता येत नाही.’ इतकं स्वच्छ लिहिलेलं. पण सामुइलनं ती वाचायच्या आतच वर सरकवली. “जुनी मशीनं असंच करतात,” म्हणाला, आणि तिची मेमरी वाढवली. मग प्रोसेसरचा प्रकार बदलला. मग जुन्या प्रतीवरून तिला परत उभं करायला घेतलं. दर वेळी तीच लाल ओळ, आणि दर वेळी हा ती झटकून पुढे!

तू एवढंच म्हणालास, “साहेब, आधी ओळ वाचू या.” त्यावर वल्चेव्ह काय बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. “ल्युबेन, तुझ्या घरगुती लोणच्यासाठी माणसाला सोफियाहून बोलावलंय. आता त्यालाच तू शिकवणार? जा, झडपा फिरव. या खोलीत पुन्हा पाय ठेवू नकोस.”

आणि तू गेलास! बाहेर हिमाचा शिरवा पडत होता. शनिवार, रविवार आणि सोमवारची सकाळ, तू नि ते दोन फिटर तीस तळघरांतून फिरलात आणि हातानं झडपा उघडल्यात. तिसऱ्या चाळीतली यॉर्दांका आजी अजून सांगते, “तो उंच माणूस गुडघ्यापर्यंत भिजला होता, मी चहा दिला तर म्हणाला, आधी तुमचा रेडिएटर तापू दे.” शहरात कुणी गारठलं नाही ते तुझ्यामुळे. सोमवारी दुपारी सामुइलनं वैतागून सर्व्हरच्या मागच्या सगळ्या वायरी नि खोचण्या उपटल्या, परत कशाही खोचल्या, आणि म्हातारी उठली. “पाहिलंत? मुळापासून हलवावं लागतं,” म्हणाला. का उठली, ते त्याला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंही नाही. अहवालात मात्र आलं: ‘ल्युबेन यांनी केलेली अनधिकृत घरगुती मांडणी हेच बिघाडाचं कारण.’ नऊ वर्षं जी मांडणी सगळ्यांची घरं तापवत होती, ती एका शनिवारात अनधिकृत झाली!

हे सगळं मी दोन महिने बोलत आलेय. जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, त्सोन्कामावशीपाशी. मावशी फरशी पुसता पुसता म्हणते, “पुरे गं बाई, तुझ्या तोंडच्या वाफेवरच तापेल शहर.” वल्चेव्ह भित्रे, सामुइल आळशी, हे मी इतक्या वेळा म्हटलंय की म्हणताना बरं वाटायला लागलंय. आणि मला माझ्याबद्दल एक ठाऊक आहे: राग करताना बरं वाटायला लागलं की मी कुठेतरी स्वतःला वगळलेलं असतं.

या सोमवारी मला तुझा खण रिकामा करायला सांगितला. चहाचा मग, चष्म्याची काडी, आणि घडी घातलेला एक कागद. त्या शनिवारी झडपांकडे निघण्याआधी तू केलेली यादी. लाल ओळ तू वाचली होतीस, म्हणून पहिलीच नोंद होती: ‘कवळी जागेवर आहे का?’ तिच्यावर काट मारलेली, आणि पुढे तुझं बारीक अक्षर: ‘झोर्नित्सा म्हणते, कुणी हात लावलेला नाही. पुरे.’

झडपा फिरवताना तू केलेला फोन मला आठवला. तू कुठल्यातरी तळघरातून ओरडून विचारत होतास, पाठीमागे पाण्याचा आवाज होता. “झोर्नित्सा, कवळीला कुणी हात लावलाय का गं?” आणि मी म्हणाले, “छे, कोण लावणार?” खुर्चीतून उठले नाही. चार पावलांवर सर्व्हर होता.

घरी येऊन डायरी काढली. तेवीस मार्च, बुधवार. तुला वाचून दाखवते: ‘आज पहिला करकोचा! वीटभट्टीच्या धुरांड्यावर. त्सोन्कामावशी झाडू टाकून ओरडत आली. सगळ्यांनी मार्तेनित्सा सोडल्या. म्हातारीचीसुद्धा मीच सोडली आणि अंगणातल्या फुललेल्या प्लमला बांधली.’ एक मार्चला मावशी आरोग्यासाठी सगळ्यांच्या मनगटाला मार्तेनित्साचा लाल-पांढरा धागा बांधते, तसा चहाच्या किटलीला, मुख्य झडपेला आणि म्हातारीच्या कवळीलाही बांधते. तू दरवर्षी हसतोस. त्या दिवशी कवळीची गाठ सुटेना. धागा कापायचा नसतो, म्हणून मी डोंगलच उपसलं, खिडकीपाशी उजेडात नेलं, नखानं गाठ सोडवली आणि ते परत खोचलं. वरच्या खाचेत. म्हातारी तेव्हा जागी होती, तिनं कुरकूर केली नाही. शनिवारी तिला उठवलं तेव्हा ती आपली कवळी खालच्या खाचेत शोधत राहिली. सोमवारी सामुइलच्या उपटाउपटीत कवळी नकळत पुन्हा खालच्या खाचेत गेली, म्हणून ती उठली.

मी खोटं बोलले नव्हते रे. माझ्या लेखी तो हात लावणं नव्हताच. करकोचा दिसला की धागा सोडायचा, त्यात कसला आलाय यंत्राला हात? पण चौकशीच्या कागदावर ‘उपकरणांना कुणीही स्पर्श केला नव्हता’ या वाक्याखाली माझी सही आहे, आणि त्या सहीवर तुझी बडतर्फी उभी आहे. तू तपासणार होतास. माझ्या शब्दावर थांबलास. वल्चेव्हनं तुला खोलीतून हाकललं, पण यादीतली ती ओळ माझ्यामुळे खोडली गेली.

म्हणून हे पत्र. माझ्या नव्या जबाबाची एक प्रत आज दुपारी मी श्रम निरीक्षकांकडे दिली, दुसरी वल्चेव्हसाहेबांच्या टेबलावर, त्या बानित्साच्या रिकाम्या ताटाशेजारी ठेवली. तिसरी सोबत आहे. तेवीस मार्चचं पानही आहे. चोवीस वर्षांत मी डायरीचं पान कधी फाडलं नव्हतं. तू गाठशील त्या वकिलाला ते अस्सलच हवं असेल. माझ्या नोकरीचं काय होईल, त्याबद्दल मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही, आणि तूही तो विचार मध्ये आणू नकोस. शुक्रवारच्या आत अर्ज दाखल कर. त्यात माझं नाव लिही, पूर्ण लिही. आणि फोन करशील तेव्हा टोमॅटोबद्दल हवं तेवढं बोल, पण एवढं एकदा ‘जाऊ दे गं’ म्हणू नकोस. मला ते सहन होणार नाही.

तुझीच,
कवळीला हात लावणारी
झोर्नित्सा