एक्केचाळीस कपाळं

१२ ऑगस्ट २००९, बुधवार

पुण्या-मुंबईत स्वाइन फ्लू, तिकडच्या शाळा बंद. आमची चालू! आणि तिकडचे आईबाप काय करतात — सुट्टी मिळाली म्हणून पोरं गावी धाडतात. आज चार नवी तोंडं वर्गाच्या खिडकीत. 'हॉलिडे हाय, बाई!' म्हणे. वर शिंकतात. हाकलली. संध्याकाळी महाडची एस.टी. पकडताना बघते तर आमच्याच मुलांबरोबर खेळतायत!

हेडमास्तर दत्ताराम गुरुजींकडे थर्मामीटर मागितला. 'पुढच्या महिन्यात बघू.' साथ थांबणार आहे का तोवर?

१३ ऑगस्ट

थर्मामीटर नाही तर नाही. हात आहे ना माझा! दारातच उभी राहिले. कपाळ तपासल्याशिवाय कुणालाही आत सोडलं नाही. एक्केचाळीस मुलं. तीन तापलेली निघाली, घरी पाठवली. गुरुजी फणकारले — 'हजेरी खाली येते, बाई!' येऊ दे.

घरून साबण नेला होता. खिचडीच्या आधी सगळ्यांना रांगेत उभं करून हात धुवायला लावले. दुपारी बघते तर साबणाची वडी गायब!

१७ ऑगस्ट, सोमवार

आज गीताबाई आली. तिची आम्रपाली दुसरीत आहे — बारकीशी, दम्याची. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवस दवाखान्यात होती. 'घरात एकलीला कशी ठेवू, बाई? तुमच्या नजरंसमोर बरी. पन हिला काय झाला तर मी नाय वाचायची.'

मी आहे ना, म्हटलं. अगदी छातीठोकपणे. पोरीला माझ्या टेबलाजवळ वेगळं बसवलं. आता रोज तिला सगळ्यांत शेवटी तपासायचं, गर्दी सरली की. आज निवांत बघितलं — कपाळ, गळा. नाक पुसून दिलं. हसली.

१८ ऑगस्ट

फसवतात मला! हैबतीची आई त्याला तापाची गोळी देऊन पाठवते. दारात कपाळ थंडगार, आणि दुपारी पोर वर्गात कुडकुडतंय. तिला बोलावून घेतलं. 'शेतात बेणनी हाय, बाई. पोराला धरून कोन बसंल?' पोराच्या जिवापेक्षा तण मोठं का? वाटेल ते बोलले. नंतर वाईट वाटलं, पण माझं तरी चुकलं काय? मी एकटीच जीव तोडून करतेय. बाकी कुणाला कशाची पडलेलीच नाही.

२० ऑगस्ट

बारा गैरहजर. रोज दारात उभी राहून बारा!! डोकं फुटायची वेळ आली.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आम्रपालीला ताप. धाप लागली म्हणून सकाळी जीपने महाडला नेलं. ऑक्सिजनवर आहे. गीताबाईने मला बघून पाठ फिरवली.

शाळेत गुरुजींना तोंडावर सुनावलं — तुमच्या हजेरीपायी झालं हे! हैबतीच्या आईलाही नावं ठेवली, चार बायकांच्या देखत.

२२ ऑगस्ट

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. माझं कौतुक केलं. मग सहज विचारलं, 'एकाचं कपाळ बघितलं की पुढच्याच्या आधी हात धुता ना?'

हो म्हणाले. खोटं बोलले.

एकदाही नाही धुतले. एक्केचाळीस कपाळं, वाहती नाकं, तोच हात — आणि सगळ्यांत शेवटी आम्रपाली.