डावं पायडल

बाबा, तुमची विलायती सायकल मी देऊन टाकली. इथं नांदेडला बँकेत नोकरी करणारा एक देगलूरचा माणूस आहे, चाळिशीतला. त्याला जुन्या सायकलींचं वेड आहे. घरात म्हणे बसायला जागा नाही, भिंतीभर चाकं टांगलेली, अन् बायको माहेरी जायची धमकी देत असते. महिनाभर तो माझ्याकडं चकरा मारत होता. "मावशी, मी तिला होती तशी करतो. कंपनीतून निघाली तशी. एक नटबी बाहेरचा लावणार न्हाई." म्हटलं, घेऊन जा बाबा एकदाची. तुम्ही असता तर त्याला आधी हात धुऊन यायला लावलं असतं. सायकल फाटकातून बाहेर गेली, मी आत आले अन् कुकर लावला. मला काही वाटलं नाही. मग आज हे तुम्हाला कशाला लिहीत बसले, ते पुढं सांगते. तुम्ही किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी गेलात, म्हणजे पत्र टाकायची काही सोय नाही, अन् म्हणूनच लिहायला जमून राहिलंय. समोर असता तर "बरं हाय ना?" "हाव, बरं हाय," यापुढं आपली गाडी गेली नसती. कधी गेलीच नाही.

लातूरचं दुकान आठवतं. दुकान कसलं, चार पत्रे, एक लिंबाचं झाड अन् पंक्चर बघायचं घमेलं. दुष्काळाच्या साली त्या घमेल्यातलं पाणी तुम्ही आठ-आठ दिवस बदलत नव्हतात. पाणी इतकं काळं व्हायचं की बुडबुडा दिसायचा नाही. मग तुम्ही फुगवलेली ट्यूब गालाजवळ धरून हवा कुठं लागते ते शोधायचात, डोळे मिटून. त्या साली खेड्यातून येणारी प्रत्येक सायकल पाण्यासाठीच यायची. दोन्ही अंगांना घागरी अडकवायचे आकडे, मागं जाड सळईचं कॅरिअर, ब्रेकच्या रबराच्या जागी ट्रकच्या टायरचा तुकडा. कुणी म्हणालं, "मिस्त्री, कंपनीचाच माल टाका," की तुम्ही वर न बघता म्हणायचात, "कंपनीला काय ठावं तुझ्या गावात विहीर किती लांब हाय? चालली पायजे, बस." अन् काढलेला पार्ट कागदात गुंडाळून त्याच्या हातात द्यायचात. जुना माल मालकाचा, हा तुमचा कायदा. बाकीचे मिस्त्री तो माल गुपचूप ठेवून दुसऱ्याच्या सायकलीला लावायचे. तुम्ही वाकडा खिळासुद्धा परत करायचात, अन् माणूस तो दुकानाबाहेर जाऊन फेकून द्यायचा.

"चालली पायजे, बस" हे सगळ्या जगाच्या सायकलींना लागू होतं, फक्त तुमच्या स्वतःच्या नाही. निजामाच्या अमलात आलेली ती काळी सायकल, सोनेरी रेघांची, एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरानं गाव सोडताना तुम्हाला दिलेली. तिचा एक वायसर मिळेना म्हणून तुम्ही तिला सहा महिने उभी ठेवलीत. तसाच हैदराबादहून आला तेव्हा बसवलात. त्या दुष्काळात आई म्हणाली, "हिलाबी दोन आकडे लावा की. पाणी वाहून वाहून मान मोडली माझी." तुम्ही म्हणालात, "हिला न्हाई." आई चुलीसमोरून उठलीच. "मग हार घाला तिला अन् बसा समोर मांडी घालून!" दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर कावड घेऊन तुम्ही आईबरोबर पाण्याला जायला लागलात. सायकल घरात उभी अन् सायकलचा मिस्त्री पायी. गल्लीतली माणसं लई हसली.

त्याच साली मी तिला हात लावला. दहा वर्षांची होते. तुम्ही दुपारी आडवे झाला होतात. दांडीवरून पाय पोचत नव्हता, म्हणून दांडीखालून पाय घालून, पोरं चालवतात तशी. चार हात गेले असेन नसेन, दुष्काळी कामावरच्या खडीच्या ढिगावर जाऊन पडले. तुम्ही पळत येताय, ते मला अजून दिसतं. येता अन् आधी सायकल उचलता. चाक फिरवून बघता, हँडल सरळ करता, मडगार्डावरून बोट फिरवता. मग माझ्याकडं बघता. माझ्या गुडघ्याचं रक्त तोवर पावलापर्यंत आलेलं असतं. "पुन्हा हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणालात. मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं, विसरून तरी गेले असते. त्यानंतर मी कुठल्याच सायकलीवर बसले नाही. गिऱ्हाइकाच्या सायकलीवर बसायला तर तुमच्या दुकानात सक्त मनाई होतीच. तुमच्याशेजारी बसून पंक्चर काढायला शिकले, चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला शिकले, चेन खोलून रॉकेलमध्ये धुवायला शिकले. चालवायची तेवढी राहिली. सायकलच्या मिस्त्रीच्या पोरीला सायकल येत नसेल, असं कुणाच्या मनात यायचं कारणच काय? तुमच्याही आलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्यांच्या पाट्यांवर उस्मानाबाद पुसून वर लातूर लिहिलं होतं. रंग पातळ, जुनं नाव खालून दिसायचं. नव्या जिल्ह्यात जागा निघाल्या अन् मला नर्सची नोकरी लागली, रेणापूरच्या पुढं, तीन गावं हिंडायची. आपल्या वस्तीतली पहिली नोकरदार पोरगी. विहारात पेढे वाटले, आई रडली. तुम्ही ऑर्डर दोनदा वाचलीत, घडी करून परत दिलीत अन् दुकानात गेलात. संध्याकाळी चहा घेऊन आले तर तुमची सायकल उलटी पडलेली. वरची दांडी करवतीनं कापून काढलेली, अन् तिच्या जागी दुसरी नळी खाली तिरकी जोडलेली, बायकांच्या सायकलीला असते तशी. पातळ अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी. सोनेरी रेघ जिथं होती तिथं वेल्डिंगचा डाग. "आता बसता येतंय बघ," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. मग ती कापलेली दांडी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "ठिव. जुना माल मालकाचा." त्या दिवशी मी मालक झाले.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलं अन् "बरं" म्हणाले. जी सायकल आईच्या मानेसाठी कापली नाहीत ती माझ्यासाठी कापलीत, आता कुठल्या तोंडानं सांगू की मला येत नाही? आनंद झाला नाही, रडूही आलं नाही. चहा गार होऊन राहिला होता, तो तुम्हाला दिला.

आठ वर्षं मी ती सायकल ढकलली, बाबा. सकाळी निघते, लशीचा डबा हँडलला, रजिस्टरं कॅरिअरवर, अन् सायकलच्या डाव्या अंगाला मी पायी. चालताना पायडल फिरून फिरून नडगीवर बसतं. डावी नडगी कायम काळीनिळी. गाव आलं की बाया विचारतात, "बाई, आजबी पंक्चर?" मी म्हणते, "हाव." एक म्हातारी होती, तिच्या सुनेचं बाळंतपण मी केलं होतं, ती तर पारावरूनच ओरडायची, "बाप सायकलचा मिस्त्री अन् लेकीची सायकल रोज पंक्चर! कसला गं बाप तुझा?" सगळ्या हसायच्या, मीही हसायची. तीन गावांत तुमची बदनामी मी केली. शिकता आलं नसतं का? आलं असतं. पांढऱ्या पातळातली बाई गावासमोर पडली तर उद्या तिच्याकडून सुई कोण टोचून घेईल, असं मी स्वतःला सांगायचे. खरी गोष्ट ही की पडायची भीती नव्हतीच. पडल्यावर तुम्ही आधी काय उचललं होतंत ते डोक्यातून जात नव्हतं. तुमची ती दांडी मात्र कामाला आली. क्वार्टरच्या दाराला धड कडी नव्हती, तर झोपताना आतून ती अडसर म्हणून लावायचे. एकट्या बाईला तिचा लई आधार झाला.

दरवर्षी उन्हाळ्यात सायकल एसटीच्या टपावर टाकून लातूरला आणायचे. तुम्ही ती पार खोलायचात, पुसायचात, तेल द्यायचात. "बसतीस ना?" "हाव, रोज." "बरं." चौथ्या वर्षी परत दिलीत तेव्हा उजवं पायडल जसंच्या तसं, अन् डावं भलतंच. दुसऱ्या कुठल्या तरी सायकलीचं, निम्मं कापलेलं, वरून ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. मी म्हटलं, "हे काय हो बाबा? कंपनीचं कुठं गेलं?" तुम्ही म्हणालात, "एवढं पुरतंय." मला राग आला. वाटलं, दांडी कापली तेव्हाच हिच्यावरून मन उडालं यांचं, आता लेकीच्या सायकलीला कायबी चालतंय. अन् रागाच्या भरात बोलून गेले, "चांगलं होतं ते. कुणाच्या सायकलीला लावलं?" तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. आयुष्यात कुणाचा वायसर ठेवून घेतला नाही अशा माणसाला मी चोर म्हणाले. तुम्ही सीटमागच्या चामड्याच्या पिशवीवर हात ठेवलात. "किरकोळ सामान ह्याच्यात हाय. लागलं तर बघ." अन् हात पुसत लिंबाखाली जाऊन बसलात. मी पिशवी उघडली नाही. जी सायकल कधी चालवलीच नाही तिच्या सामानाची गरज कशाला पडते? त्यानंतर माझी नडगी पुन्हा काळी पडली नाही. तेही मला आजवर कळलं नव्हतं.

परवा त्या बँकवाल्याचा फोन आला. "मावशी, सीटमागच्या पिशवीत डावं पायडल निघालं. ओरिजनल. ठणठणीत हाय, तेल लावून दस्ती-रुमालात गुंडाळलेलं. मग मिस्त्रीनं असलं चांगलं काढून ते अर्धं कशापायी लावलं? त्याच्यावर पाय ठिवून कुणाला सायकल मारताच यायची न्हाई." तो आपला बोलतोय, "अन् चेन बघा, झिजलेलीच न्हाई. ब्रेकचे रबर नवेच्या नवे. टायरी तेवढ्या गुळगुळीत. ही काय भानगड हाय?" म्हटलं, मला काय ठाऊक.

जे त्याला एका दुपारी दिसलं ते तुम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात दिसलं असणार. ट्यूब गालाला लावून भोक शोधणारे तुम्ही, न झिजलेली चेन तुम्हाला कळणार नाही? तुम्हाला माहीत होतं की मी ढकलते. कुठल्या अंगानं ढकलते तेही माहीत होतं. नडगी बघितली असेल कधी जेवायला वाढताना. सायकल शिकवायचं वय गेलेलं, विचारायची आपल्यात रीत नाही. म्हणून तुमचं ते जपलेलं विलायती पायडल काढून ठेवलंत अन् लागणार नाही असं एक बनवून लावलंत. अन् तरी दरवर्षी विचारत राहिलात, बसतीस ना? मला सांगायला वाट ठेवत होतात, अन् मी हाव म्हणत होते. मला वाटायचं मी तुम्हाला बरं फसवलं.

रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. फोन ठेवला, भांडी घासली, मग खुर्चीत बसून डावी नडगी चाचपून बघितली. तिथं काहीच नाही, म्हातारीची नडगी. आत सगळं सुन्न आहे, बाबा, दातवाल्यानं सुई दिल्यावर गाल होतो तसं. चोर म्हणाले होते ते मागं घेते. एवढं तरी लिहून ठेवते.

त्यानं विचारलं होतं, "दांडी परत जोडू का? पायडल बसवू का?" काल तो आला तेव्हा मी माळ्यावरची दांडी काढून दिली. तो तिला हातात घेऊन असा बघत राहिला की जशी पोटची पोर सापडली. म्हटलं, "तुझ्या मनासारखं कर सगळं. ओरिजनल कर. फक्त ते काढलेलं अर्धं पायडल मला आणून दे." "त्याचं काय करता मावशी? भंगार हाय ते." म्हटलं, "जुना माल मालकाचा."

आज सकाळी आणून दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. पंख्यानं हा कागद उडत होता, तर तेच वर ठेवलंय. चांगलं जड आहे. ट्यूबच्या पट्ट्या आता कडक झाल्यात, पण तुमच्या गाठी सुटलेल्या नाहीत.

जायच्या वेळी त्यानं खिशातून पेन काढलं. प्रदर्शनात सायकलीपुढं पाटी ठेवायची आहे म्हणाला, त्यावर दोन ओळी माहिती पाहिजे. "मावशी, तुम्ही ह्याच सायकलीवर बसून ड्युटी केली ना?"

मी म्हटलं, "हाव. आठ वर्षं. रोज."